क्रोनो ट्रिगर पुन्हा खेळतोय, पण दुसऱ्याचं सेव्ह पुसायचं का?

भटका_कंपास (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जिलबी वाटली तर गोड मानून घ्या.

सध्या तोक्योत आहे, निशिकासाईला. गेल्या महिन्यात एक जुना सुपर फॅमिकॉम (निन्टेंडोचा जपानी गेम कन्सोल) घेतला. प्लॅस्टिक पिवळं पडलंय, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखं, पण चालतो. त्याच दुकानात एका निळ्या टबात कार्ट्रिजांचा, म्हणजे गेम ज्यात असतो त्या डब्यांचा, ढीग होता, मंडईत भुईमुगाच्या शेंगा ओततात तसा. उपसता उपसता क्रोनो ट्रिगर हा व्हिडिओ गेम हाती लागला. खोका नाही, पुस्तिका नाही, मागे पेनाने काहीतरी लिहून खोडलेलं. सातशे येन. मार्च १९९५ मध्ये हा गेम नवा आला तेव्हा ११,४०० येनला होता.

मी हा आधी खेळलोय तो २००३ साली सांगलीला हॉस्टेलवर, एम्युलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि इंग्रजीत. एफ२ दाबून सेव्ह, मेलो की एफ४. असा जिंकलेला गेम जिंकलेला म्हणायचा का हा वेगळा धागा होईल. म्हणून ठरवलं, या वेळी मूळ यंत्रावर, मूळ भाषेत, प्रामाणिकपणे खेळायचं.

घरी येऊन कार्ट्रिज लावली आणि थबकलो. गेममध्ये सेव्हला, म्हणजे कुठवर खेळलो ती नोंद ठेवायला, तीन जागा असतात. तिन्ही भरलेल्या! तीस वर्षं होत आली तरी आतली बॅटरी जिवंत.

कर्सर तिसऱ्यावर होता म्हणून तीच फाईल उघडली. यात पात्रांना आपण नावं देऊ शकतो, पाच अक्षरांपर्यंत. खेळणाऱ्याने नायकाचं नाव 'नी-चान' ठेवलंय. म्हणजे दादा. नायकाच्या टोळीत एक बेडूक आणि एक रोबोही असतो. बेडकाचं नाव 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी. रोबोचं 'पोची', हे जपानमध्ये कुत्र्याचं नाव, आपल्याकडचा मोती. वेळ ३८ तास.

आणि यादीत नी-चान नाहीच. ज्यांनी खेळलाय त्यांना कळलं असेल.

तर प्रश्न दोन. एक, हा गेम आज पुन्हा खेळण्यात खरंच मजा आहे की नुसते हॉस्टेलचे उमाळे? दोन, मला नवीन खेळ सुरू करायला जागा हवी. कुठलं सेव्ह पुसू?

तर्कटराव
तिसरं पुसा. झालं. धागा बंद करा.

नववीतला_चष्मा
दादा, फोनवर मिळतो की हा. मी ट्राय केलेला. दोन तासांत कंटाळलो. नुसते चालतात आणि बोलतात.

शेवग्याची_शेंग
मला यातलं काही कळत नाही. 'यादीत नी-चान नाही' म्हणजे काय? कोणी गेलंय का? नीट सांगा, रात्री झोप नाही लागायची.

भटका_कंपास
शेंगताई, गेमची गोष्ट थोडक्यात सांगतो. इ. स. १००० साली एका राज्यात मोठी जत्रा भरलेली असते. क्रोनो नावाचा पोरगा जत्रेत जातो, एका मुलीला धडकतो, मैत्रिणीने बनवलेलं यंत्र बिघडतं आणि मंडळी ४०० वर्षं मागे जाऊन पडतात. मग पुढे, मागे, पार साडेसहा कोटी वर्षं मागे. भविष्यात कळतं की १९९९ साली जमिनीतून लाव्होस नावाचं एक धूड बाहेर आलं आणि जगाची राख केली. ते टाळायचं.

आणि अर्ध्याहून जास्त गोष्ट झाल्यावर नायक मरतो. ज्याला घेऊन तुम्ही २० तास हिंडलात तोच. (३० वर्षं झाली, आता रसभंगाची तक्रार चालणार नाही.) त्याला परत आणता येतं, पण आणलंच पाहिजे असं नाही. काळाचं अंडं मिळवायचं, जत्रेतल्या तंबूत त्याच्यासारखी हुबेहूब बाहुली जिंकायची, मग मृत्यूशिखर चढायचं. त्याच्याशिवायही गेम संपवता येतो.

या फाईलमध्ये अंडं आहे. बाहुलीही आहे. शिखर चढलेलं नाही.

शेवग्याची_शेंग
अगं बाई. म्हणजे त्या लेकराने दादाला तसाच ठेवला?

कोमल_निषाद
उगाच काटा आला अंगावर.

तर्कटराव
अहो, त्या लेकराची परीक्षा असेल, नाहीतर पुढचा गेम आला असेल. तुम्ही लगेच रुमाल काढू नका. भंगारातल्या प्रत्येक वहीत कोणाची तरी अर्धी कविता असते.

कल्हईवाला
पुसायचं-नाही पुसायचं नंतर बघू. आधी बॅटरीचं बोला, कारण ती तुमची चर्चा संपायची वाट बघणार नाही.

या कार्ट्रिजमध्ये सीआर२०३२ असते. घड्याळात, गाडीच्या किल्लीत असते तीच नाण्याएवढी, फक्त तिला पत्र्याचे पाय जोडून बोर्डावर डाग दिलेला असतो. ३ व्होल्ट. सेव्ह राहतं ते ८ केबीच्या एका छोट्या चिपमध्ये आणि यंत्र बंद असताना तिला जिवंत ठेवायचं काम ही बॅटरी करते. व्होल्टेज साधारण दोनच्या खाली गेलं की चिप सगळं विसरते. पूर्वसूचना वगैरे काही नाही. एक दिवस लावाल तर तिन्ही जागा कोऱ्या.

बॅटरी बदलायला उघडली तरी सेव्ह जाणार, कारण जुनी काढली आणि नवी लावली या मधल्या वेळात चिप उपाशी. म्हणून आधी कार्ट्रिज वाचणारं यंत्र मिळतं, यूएसबीवालं, त्याने सेव्हची प्रत संगणकावर काढून घ्या. मग बॅटरी बदला. मग प्रत परत चढवा. स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, ३.८ मिमीचं खास टोक लागतं. पक्कडीने जबरदस्ती करू नका, मी केलीय.

आणि सोल्डरिंग येत नसेल तर यूट्यूब बघून शिकायची ही जागा नाही.

भटका_कंपास
कल्हईवाले, दंडवत. यंत्र मागवतो.

गोंयकार_बाब
मस्कतचे दिवस आठवले. पप्पा तिथे नोकरीला, आम्ही दोघे भाऊ, आणि घरात सुपर निन्टेंडो, म्हणजे याच सुपर फॅमिकॉमचा अमेरिकन अवतार. १९९६-९७ची गोष्ट. तो कन्सोल वेगळा दिसायचा, करडा-जांभळा आणि चौकोनी, खोक्यासारखा. इंग्रजी गेम ऑगस्ट ९५ मध्ये अमेरिकेत आला होता. युरोपला तर तो सुपर निन्टेंडोवर मिळालाच नाही, त्यांना थेट २००९ साली डीएसवर, निन्टेंडोच्या हातातल्या कन्सोलवर, मिळाला. आमच्या शाळेतली युरोपातली पोरं आमच्याकडे येऊन बसायची, तेव्हा माझ्या भावाची ऐट विचारू नका.

आम्ही गेमच्या शेवटाजवळच्या काळ्या गडापर्यंत पोचलो होतो. मग सुट्टीत चुलतभाऊ आला. त्याने 'नवीन खेळ' सुरू केला आणि आमच्या जागेवर सेव्ह केलं. सत्तावीसेक वर्षं झाली. लग्नाला गेलो त्याच्या, आहेरही केला, पण ते विसरलो नाही.

तेव्हा माझं मत: पुसू नये. कोणाचंच.

रच्याकने, म्हणजे जाता जाता सांगतो, तो कन्सोल भारतात आणल्यावर मडगावला मी थेट २३० व्होल्टला लावला. फट् आवाज, करपलेला वास. अडॅप्टर संपला. जपानी तर १०० व्होल्टवर चालतो. कंपासबाब, कधी पुण्याला न्यायचा असेल तर आधी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या.

नववीतला_चष्मा
८ केबी??? माझा एक मीम ३०० केबीचा असतो.

कल्हईवाला
अख्खा गेम ४ एमबीचा आहे बाळा. साडेसहा कोटी वर्षं, सात पात्रं, साठेक गाणी, सगळं धरून. तुझ्या फोनमधल्या एका फोटोत बसतो.

पाटी_कोरी
धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाकडे कोणी बघेल का? मजा येते का?

माझ्यापुरतं सांगतो. मी मागच्या दिवाळीत फायनल फँटसीचे जुने भाग पुन्हा खेळायला घेतले आणि सोडले. चार पावलं चाललं की पडदा गरगरतो, लढाई. परत चार पावलं, लढाई. तेव्हा वेळ होता, आता नाही. क्रोनो मात्र संपवला, कारण यात शत्रू समोर दिसतो, चुकवता येतो, आणि लढाई तिथल्या तिथे उभ्या उभ्या होते, वेगळा पडदा नाही. नकाशावर फिरताना तर कोणी अंगावर येतच नाही. १९९५ साली हे सुचणं म्हणजे काय ते इतर गेम खेळल्याशिवाय नाही कळत. चष्मेबहाद्दर, दोन तासांत सोडलास म्हणजे तू खटल्यापर्यंत गेला नाहीस. तिथपर्यंत जा, मग बोल.

नववीतला_चष्मा
कसला खटला

पाटी_कोरी
सुरुवातीच्या जत्रेत तू काय काय केलंस, सगळ्याचा हिशोब होतो. मुलीला धडकलास तेव्हा आधी तिची विचारपूस केलीस की तिचं पदक उचलायला धावलास? तिचं पदक विकायला निघालास का? छोट्या मुलीचं मांजर शोधून दिलंस का? एका म्हाताऱ्याचा जेवणाचा डबा टेबलावर असतो, सहज बटण दाबलं की आपण तो खातो. तेव्हा वाटतं, गेममधली वस्तू आहे, उचलायची. मग दोन-तीन तासांनी ती धडकलेली मुलगी राजकन्या निघते, तिला पळवल्याच्या आरोपात तुला कोर्टात उभं करतात आणि तो म्हातारा साक्षीला येतो. मी डबा खाल्ला होता. इतकं शरमलो की गेम बंद केला.

तर्कटराव
आणि निकाल काहीही लागला तरी तुरुंगातच टाकतात. या गेममधली एवढी एकच गोष्ट वास्तववादी.

कोमल_निषाद
हाहा. तर्कटराव, हे मात्र पटलं.

संगीताबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी गेम खेळलेलाच नाही, नवरा खेळायचा, मी शेजारच्या खोलीत रियाज करायचे. एक दिवस आतून सतारीसारखं काहीतरी ऐकू आलं म्हणून उठून गेले. पडद्यावर ढगांत तरंगणारी बेटं. ते झीलचं राज्य, ख्रिस्तपूर्व १२,०००. गाण्याचं नाव जपानीत 'तोकी नो काइरो'. सतार नाही ती, छोट्याशा चिपवरचा सतारीचा भास आहे, मींड वगैरे काही नाही, पण सूर असे एकमेकांवर पाझरतात की तानपुरा लावून ठेवल्यासारखं वाटतं. मी नवऱ्याला म्हटलं, पुढे जाऊ नकोस, इथेच उभा राहा. तो पंधरा मिनिटं उभा राहिला बिचारा.

संगीतकार यासुनोरी मित्सुदा तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता. गेम बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीत त्याला आवाज बनवायचं काम होतं, म्हणजे तलवारीचा खणखणाट, दार उघडल्याचा आवाज. त्याने तिथले वरिष्ठ, फायनल फँटसीवाले साकागुची, यांना सांगितलं, मला गाणी करू द्या नाहीतर मी निघतो. त्यांनी हा गेमच त्याच्या हातात दिला. मग इतकं काम केलं की पोटात अल्सर होऊन दवाखान्यात भरती. मध्येच हार्ड ड्राईव्ह गेली आणि चाळीसेक अर्धवट गाणी गेली. उरलेलं काम फायनल फँटसीचे संगीतकार नोबुओ उएमात्सूंनी पूर्ण केलं.

कल्हईवाला
बघा. प्रत काढून ठेवा म्हणतो ते उगाच नाही.

कांजी_आणि_भात
पुण्यात जपानी शिकवते, त्यामुळे भाषेवर दोन शब्द टाकल्याशिवाय राहवत नाही. धागा भरकटला तर माफ करा.

कंपास, तुम्ही आधी इंग्रजीत खेळलात ना? मग बेडूक बोलायला लागला की दचकाल. इंग्रजीत अनुवादक टेड वूल्सीने त्याला जुन्या नाटकातल्या सरदारासारखं बोलायला लावलंय. मूळ जपानीत तो असला काही बोलत नाही. साधा, जरा रांगडा, तुटक पुरुषी बोलतो. तलवार चालवणारा, स्वतःवर चिडलेला माणूस, बेडूक झालेला. दोन्ही बेडूक मला आवडतात, पण ते एक नाहीत.

मराठीत केला तर कुठला घ्याल?

गोंयकार_बाब
बखरीतला! 'तरी महाराज, खड्ग उपसोनी जळचर आम्ही दुष्टांवरी चालोन गेलो, ऐसी फत्ते जाहली.'

पाटी_कोरी
_/\_ जळचर आम्ही!

कांजी_आणि_भात
हा इंग्रजीतला झाला. जपानीतला करा.

कल्हईवाला
'सरक. मी बघतो.'

कांजी_आणि_भात
बरोब्बर! हाच तो.

तर्कटराव
मग ती आदिमानव बाई, आयला का कोण, तिला कुठली मराठी द्यायची? ती तोडकंमोडकं बोलते ना? मालवणी द्या, मजा येईल.

शेवग्याची_शेंग
का हो? मालवणी म्हणजे तोडकंमोडकं का? आमच्या घरात चार पिढ्या बोलतात, व्याकरण तुमच्या प्रमाण मराठीहून कडक आहे. दरवेळी कोणी अडाणी दाखवायचं झालं की तुम्हाला बरी आमची भाषा आठवते.

तर्कटराव
ह. घ्या. हो ताई.

शेवग्याची_शेंग
हलकं घ्यायची पाळी नेहमी आमच्यावरच येते.

कांजी_आणि_भात
शेंगताईंशी सहमत. आयला कुठल्या बोलीत बोलतच नाही. तिची वाक्यं फक्त लहान आहेत, प्रत्यय गाळलेली. 'आयला बळकट. तू बळकट. बळकट आवडतं.' कुठल्याही बोलीत हेच होईल. दोन वर्षांचं मूल असंच बोलतं.

तर्कटराव
बरं, शब्द मागे घेतो. मनापासून.

आता गेमविषयीच बोलायचं तर मला त्याची गोष्टच पोकळ वाटते. नायक अख्ख्या गेममध्ये जवळजवळ बोलत नाही. मुक्या माणसाच्या मरणाचं काय दुःख करायचं? तोरियामांची चित्रं काढून घ्या, मग काय उरतं बघा. साकागुची, ड्रॅगन क्वेस्टवाले युजी होरिई आणि ड्रॅगन बॉलवाले अकिरा तोरियामा असे तिघे जमले, त्याला 'स्वप्नातला संघ' नाव दिलं आणि लोक तीस वर्षं तेच घोकतायत.

पाटी_कोरी
तुम्ही खेळलाय का?

तर्कटराव
खेळलोय. दोनदा.

पाटी_कोरी
पोकळ गोष्ट दोनदा?

तर्कटराव
दुसऱ्यांदा पोकळपणाची खात्री करायला.

(खरं सांगायचं तर तोरियामा मार्च २०२४ मध्ये गेले त्या आठवड्यात. तेवढंच.)

आणि ते रोबोचं बघा. वाळवंटात जंगल लावायचं म्हणून त्याला ६०० साली सोडून आपण यानात बसून क्षणात १००० साली येतो. त्याच्यासाठी मात्र ४०० वर्षं. एकटा नांगरतोय, गंजतोय. त्याची बॅटरी ४०० वर्षं टिकते आणि इथे सीआर२०३२ची रड.

कल्हईवाला
लिथियम नसणार ती.

गोंयकार_बाब
पण तर्कटबाब, त्याच्यानंतरचा शेकोटीचा प्रसंग? आणि लुक्काच्या आईचा?

पाटी_कोरी
तो प्रसंग न खेळलेल्यांना सांगतो. लुक्का म्हणजे यंत्रं बनवणारी मैत्रीण. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत आईचे पाय यंत्रात अडकून कायमचे गेलेले असतात. तिला यंत्रं थांबवता येत नव्हती, म्हणून तर ती पुढे यंत्रं शिकली. शेकोटीच्या रात्री ती एकटी उठते आणि त्याच दिवसात परत जाऊन पडते. आई अडकलेली, पट्टा फिरतोय, यंत्र पासवर्ड मागतंय. वडिलांच्या चिठ्ठीत एवढंच, की पासवर्ड म्हणजे बायकोचं नाव. लारा.

आता टाईप करायला कळफलक नाही. हातात फक्त कंट्रोलर. आणि मग लक्षात येतं की कंट्रोलरवर एल आहे. ए आहे. आर आहे.

एल, ए, आर, ए.

मी फोनवर खेळलो तेव्हा पडद्याला हात लावून हे केलं आणि काहीच वाटलं नाही. खऱ्या कंट्रोलरवर, खांद्यावरची दोन बटणं दाबताना, हात कापले होते. तुम्ही वाचवू शकला नाहीत तर तुमच्यामुळे तिचे पाय जातात. धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हे. मूळ यंत्रावरच खेळा.

नववीतला_चष्मा
ओके हे भारी आहे

कोमल_निषाद
बाकी दोन फाईलींत काय आहे? कंपास यांनी फक्त तिसरीचंच सांगितलं. पहिली-दुसरी उघडून बघा की.

तर्कटराव
+१. शेरलॉकगिरी करायचीच तर नीट करा.

भटका_कंपास
उघडल्या. आत्ता रात्रीचे दीड वाजलेत, बायको विचारतेय हसतोस काय.

पहिली फाईल: ६१ तास. क्रोनोचं नाव क्रोनोच आहे, लेव्हल ८७, सगळी शस्त्रं, सगळं काही. हा खेळाडू गेम एकदा संपवून पुन्हा पहिल्यापासून खेळलाय हे उघड आहे. आणि बेडकाचं नाव काय ठेवलंय?

'इमोउतो'. धाकटी बहीण.

कांजी_आणि_भात
अय्या!!

गोंयकार_बाब
हाहाहाहा म्हणजे भावाने बहिणीला बेडूक केलं

पाटी_कोरी
आणि बहिणीने दादाला मरू दिलं. अंडं आहे, बाहुली आहे, शिखर तेवढं चढायचं नाही. ३८ तास! ती विसरलेली नाही हो. तिने ठरवून ठेवलाय तसा.

शेवग्याची_शेंग
आणि मी रात्री दोनदा उठून त्या लेकराचा विचार करत होते.

कोमल_निषाद
एकाच कार्ट्रिजवर दोघं. जेवायला बसल्यावर काय चालत असेल या घरात!

कांजी_आणि_भात
पहिल्या फाईलीबद्दल सांगायचं राहिलं. जिंकल्यावर सगळी ताकद घेऊन पुन्हा सुरुवात करायची जी सोय आहे, तिला या गेममध्ये 'त्सुयोकुते न्यू गेम' म्हणतात, म्हणजे 'बलवान होऊन नवा खेळ'. हे इतकं रुळलंय की गेम न खेळणारी माणसंही बोलण्यात वापरतात. आत्ताची अक्कल घेऊन पुन्हा कॉलेजात जायला मिळालं तर, अशा अर्थाने. वर्गात हा शब्द सांगितला की सगळ्यांचे डोळे चमकतात, मग मी लगेच विशेषणाचं '-कुते' रूप शिकवून घेते.

तर्कटराव
रहस्य सुटलं, दोन्ही मुलं सुखरूप. आता दुसरी पुसा आणि खेळायला लागा. दुसरीत काय आहे?

भटका_कंपास
दुसरीत काहीच नाही. २२ मिनिटं. जत्रेच्या बाहेर, नकाशावर उभं राहून सेव्ह केलंय. पात्र एकच. तर ठरलं, हीच पुसतो. कोणाची हरकत?

गोंयकार_बाब
माझी नाही. २२ मिनिटं म्हणजे काय, चहा होतो.

पाटी_कोरी
पुसा.

कोमल_निषाद
पुसा, काही नुकसान नाही.

कांजी_आणि_भात
थांबा. त्या पात्राचं नाव काय आहे?

भटका_कंपास
अरे हो. 'का-सान'.

कांजी_आणि_भात
म्हणजे आई.

तर्कटराव
...

शेवग्याची_शेंग
बघा. बघा म्हणते मी. मुलांची नावं कळली तर सगळे डोळे पुसत होतात, बॅटरी वाचवा, प्रत काढा. आणि आईचं म्हटल्यावर 'काहीच नाही', 'पुसा, नुकसान नाही', 'चहा होतो'! बावीस मिनिटं का होईना, कधी दुपारची बसली असेल बिचारी, मुलं शाळेत गेल्यावर, बघू तरी काय एवढं असतं यात म्हणून. मग कुकरची शिट्टी झाली असेल.

कल्हईवाला
जपानमध्ये कुकर नाही वाजत बहुधा. राईस कुकर असतो, तो गाणं म्हणतो.

शेवग्याची_शेंग
तुम्ही गप्प बसा.

गोंयकार_बाब
ताई, चुकलं. शब्द मागे. मी स्वतः ज्याच्यावर सत्तावीसेक वर्षं चिडलोय तेच करायला निघालो होतो.

नववीतला_चष्मा
माझी मम्मी पण एकदा माझ्या कन्सोलवर बसलेली. भिंतीला धडकत राहिली आणि म्हणाली छान आहे हं.

पाटी_कोरी
मग दुसरी कार्ट्रिज घ्या. जपानात वीस लाखांच्या वर खपली होती, टबात अजून चार असतील.

भटका_कंपास
यंत्र आलं. कल्हईवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे तिन्ही सेव्हची प्रत काढली, ८ केबी, बॅकअपचा बॅकअपही केला. बॅटरी २.७ दाखवतेय, ती पुढच्या महिन्यात एका जाणत्या माणसाकडून बदलून घेईन.

दुसरी कार्ट्रिज घ्यायला गेलो होतो. मग टबापाशी उभं राहून सुचलं, मी 'नवीन खेळ' कशाला सुरू करतोय? बावीस मिनिटांनी मला काय फरक पडतो. दुसरीच फाईल उघडायची आणि पुढे चालू लागायचं. तेव्हापासून मी का-सान म्हणून खेळतोय. पुसलं काही नाही, तीच वही पुढे लिहितोय म्हणा. राजवाड्यातले शिपाई मला 'आई' म्हणतात, बेडूक मला 'आई' म्हणतो. शेंगताई, चालेल ना?

शेवग्याची_शेंग
चालेल हो. नीट खेळा.

तर्कटराव
मजा येते का ते सांगा, मूळ प्रश्न तोच होता.

भटका_कंपास
येते. पण २००३ सारखी नाही. तेव्हा एफ४ होतं, त्यामुळे कशाचीच भीती नव्हती. आता मनोरियाच्या चर्चमध्ये मेलो आणि चाळीस मिनिटांचा खेळ गेला. ऑफिसला जाताना तोझाई लाईनमध्ये त्याच लढाईचा विचार करत होतो, स्टेशन चुकलं. जपानी वाचायला वेळ लागतो म्हणून प्रत्येक गावकऱ्याचं बोलणं नीट वाचतोय. इंग्रजीत बटण दाबून पुढे पळायचो. आणि चित्रं त्या जुन्या जाड टीव्हीवर वेगळीच दिसतात. मी एक फुकट मिळालेला उचलून आणला, बायको अजून त्याकडे न बघता जाते. एम्युलेटरवर चौकोन चौकोन दिसायचे, इथे त्या कडा विरघळून जत्रेतली झाडं खरोखर झाडं वाटतात.

फक्त एक घोळ झाला.

पाटी_कोरी
काय?

भटका_कंपास
खटला उभा राहिला. मी निर्धास्त. जत्रेत एकदम सज्जनासारखा वागलो होतो. त्या मुलीला, मार्लला, धडकलो तर आधी तिची विचारपूस केली, मांजर शोधून दिलं, पदक विकलं नाही. वकील साहेबांना वाटलं सुटलोच.

साक्षीला तो म्हातारा आला.

कोमल_निषाद
नाही!

भटका_कंपास
डबा का-साननेच खाल्ला होता. त्या बावीस मिनिटांत. मला जत्रेत टेबल रिकामं दिसलं होतं, पण मी म्हटलं, जपानी आवृत्तीत नसेल.

तीन दिवसांनी फाशी आहे.

शेवग्याची_शेंग
तिला भूक लागली असेल हो.